मापात पाप

दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१३ साली दहा विधानांची एक प्रश्नावली तयार केली. स्मार्टफोनचे व्यसन मोजण्यासाठी ती आज देशोदेशी वापरली जाते, आणि भारतातल्या वैद्यकीय व नर्सिंग महाविद्यालयांतल्या अनेक पाहण्याही तिच्याच आधारावर उभ्या आहेत. प्रत्येक विधानापुढे 'अजिबात असहमत'पासून 'पूर्ण सहमत'पर्यंत सहा पर्याय असतात आणि त्यांना एक ते सहा गुण मिळतात. धोक्याची रेषा मुलग्यांसाठी ३१ गुणांवर आहे, मुलींसाठी ३३ वर. आता एका मुलाने दहापैकी आठ विधानांना 'थोडा असहमत' असे उत्तर दिले, म्हणजे आठ वेळा नाहीच म्हटले, आणि फक्त दोन विधानांना 'थोडा सहमत' म्हटले असे धरू. आठ त्रिक चोवीस आणि दोन चोक आठ, बेरीज ३२. मुलगा व्यसनाच्या रेषेपलीकडे गेला.

ही रेषा ५४० कोरियन शाळकरी मुलांच्या उत्तरांवरून आखली गेली होती. ती जशीच्या तशी उचलून दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या वयाच्या, दुसऱ्या भाषेत विचार करणाऱ्या मुलांना लावली जाते. मग निष्कर्ष येतो की इतके टक्के विद्यार्थी मोबाईलचे व्यसनी आहेत, आणि त्या व्यसनींमध्ये चिंतेचे प्रमाण जास्त आहे. तो निष्कर्ष वर्तमानपत्राच्या पुरवणीत, पालकसभेत, व्याख्यानमालेत पोहोचेपर्यंत त्याचे एक ठाम वाक्य झालेले असते: मोबाईलच्या व्यसनामुळे मुलांमध्ये चिंताविकार वाढतो आहे, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे.

या वाक्यातले तीन शब्द टिकत नाहीत. 'व्यसन', 'मुळे' आणि 'सिद्ध'. मोबाईल निरुपद्रवी आहे असा दावा इथे नाही, आणि मुलांचे लक्ष विकून पैसा करणाऱ्या कंपन्यांची वकिली तर मुळीच नाही. आक्षेप मोजमापाला आहे. माप चुकले की उपायही चुकतो, आणि त्या चुकीची किंमत घाबरलेल्या मुलाला मोजावी लागते.

आधी ती दहा विधानेच पाहू. हातात फोन नसला की उतावीळ आणि बेचैन वाटते, असे एक विधान आहे. फोनशिवाय राहणे सहन होणार नाही, असे दुसरे. इतरांमधले संभाषण हुकू नये म्हणून सारखा फोन तपासतो, असे आणखी एक. वर्गात किंवा काम करताना लक्ष लागत नाही, असेही एक. आता शेजारी चिंता मोजण्याची सात प्रश्नांची प्रश्नावली ठेवू. ती २००६ साली प्रसिद्ध झाली आणि दवाखान्यांपासून संशोधनापर्यंत सगळीकडे वापरली जाते. त्या प्रश्नावलीत विचारलेले असते की एका जागी बसवत नाही इतकी अस्वस्थता येते का, चिडचिड होते का, काळजी थांबवता येत नाही असे होते का. दोन्ही कागद एकाच मुलाच्या हाती दिले तर मुळातच बेचैन असणारा मुलगा दोन्हीकडे जास्त गुण मिळवणार. मग संगणक सांगतो की दोन्हींत लक्षणीय सहसंबंध आहे. असणारच. एकाच पोत्यातले धान्य दोन मापांनी मोजले आणि दोन्ही मापे भरली, तर त्यातून कोणते नवे ज्ञान हाती आले?

'नोमोफोबिया'च्या बाबतीत हा घोटाळा आणखी उघडा पडतो. मोबाईल जवळ नसण्याची भीती, असा या शब्दाचा अर्थ. तिची सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली अमेरिकेतल्या आयोवा राज्य विद्यापीठातून २०१५ साली आली. नऊ विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतून तिचे मुद्दे काढले गेले. वीस विधाने, प्रत्येकाला एक ते सात गुण. बहुतेक विधानांचा गाभा असा की फोन नसेल तर अमुक कारणाने मला चिंता वाटेल, तमुक कारणाने काळजी वाटेल, भीती वाटेल. म्हणजे चिंता इथे चोरपावलांनी आलेली नाही, प्रश्नातच लिहिलेली आहे. गुणांची वाटणी तर थक्क करणारी आहे. नोमोफोबिया 'नाही' असे म्हणायचे असेल तर बरोबर २० गुण हवेत. २१ पासून ५९ पर्यंत सौम्य, ६० पासून मध्यम, १०० पासून तीव्र. २० गुण मिळवायचे तर वीसच्या वीस विधानांना 'पूर्ण असहमत' म्हणावे लागते. एका ठिकाणी जरी मन किंचित हलले, तरी सौम्य भयगंड पदरात पडतो. 'इतक्या टक्के विद्यार्थ्यांना नोमोफोबिया' या मथळ्याखाली नव्वदीच्या पुढचे आकडे कसे छापून येतात, त्याचे रहस्य या वाटणीत आहे.

या प्रश्नावलीतली काही विधाने घरच्यांशी संपर्क तुटण्याबद्दल आहेत. घरच्यांना आपल्याशी बोलता येणार नाही म्हणून काळजी वाटेल का, अशा धर्तीची. २६ जुलै २००५ च्या रात्री मुंबईत ज्यांचे कोणी घराबाहेर अडकले होते, त्यांना हे विधान वाचून दाखवावे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, लोकल ठप्प होत्या आणि मोबाईल लागत नव्हते. त्या रात्री दाराशी बसून राहिलेल्या माणसांची काळजी हा आजार नव्हता. रात्रपाळी संपवून शेवटच्या लोकलने परतणारी नर्स, तालुक्याच्या गावाहून संध्याकाळच्या एसटीने वाडीवर जाणारी अकरावीतली मुलगी, यांच्यासाठी चार्ज असलेला फोन ही सुरक्षितता आहे. तो बंद पडण्याची धास्ती वाटणे हे शहाणपण आहे. प्रश्नावलीला मात्र धास्ती आणि विकार यांतला फरक कळत नाही.

असा आक्षेप घेणारे फक्त बाहेरचे टीकाकार आहेत असे नाही. हे सारे मानसशास्त्राच्या आतूनच बोलले गेले आहे, आणि ते आपल्याकडच्या व्यासपीठांवर पोहोचत नाही ही खरी तक्रार आहे.

२०२० साली हीदर शॉ, डेव्हिड एलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये एक साधी गोष्ट केली. १९९ आयफोनधारकांचा आणि वेगळ्या पाहणीत ४६ अँड्रॉइडधारकांचा फोनवापर तीन प्रकारे मोजला: व्यसनाच्या प्रश्नावलीने, वापरणाऱ्याच्या अंदाजाने, आणि फोनने स्वतः नोंदवलेल्या वेळेने. मग तिन्ही मापांचा मानसिक आरोग्याशी संबंध तपासला. आयफोनच्या गटात प्रश्नावली वापरली की संबंध प्रत्यक्ष वापराच्या तुलनेत चौपट मोठा दिसत होता, अँड्रॉइडच्या गटात जवळजवळ तिप्पट. माणसे तीच, फोन तेच, मन तेच. बदलले ते फक्त माप.

त्यानंतर २०२१ मध्ये अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले. लोक आपल्या वापराबद्दल जे सांगतात ते प्रत्यक्ष नोंदींशी जेमतेम जुळते, असे त्यात दिसले. आणि 'समस्याजनक वापर' मोजणाऱ्या प्रश्नावल्या तर साध्या अंदाजाहूनही कमी जुळतात. म्हणजे फोनच्या व्यसनाचे माप फोनच्या वापरापासून सर्वांत दूर आहे. मग ते मोजते काय? बहुधा आपल्या वापराबद्दल माणसाला वाटणारी टोचणी. चिंताग्रस्त माणसाला ती आधीच जास्त असते. त्याला प्रत्येकच गोष्टीत आपले चुकते आहे असे वाटत असते, तर फोनबद्दल का वाटणार नाही?

लिअम सॅचेल आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग तर प्रत्येक मानसशास्त्र विभागाच्या भिंतीवर लावावा असा आहे. समाजमाध्यमांचे व्यसन मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचा साचा त्यांनी घेतला आणि समाजमाध्यमांच्या जागी मित्रांसोबत प्रत्यक्ष घालवलेला वेळ घातला. मित्रांचा विचार मनात घोळतो का, भेटता आले नाही तर अस्वस्थ वाटते का, त्यांच्यासाठी दुसरी कामे मागे पडतात का. ८०७ लोकांनी उत्तरे दिली. नेहमीचे निकष लावले तेव्हा त्यांपैकी ६९ टक्के लोक 'मित्रांचे व्यसनी' ठरले. ज्या चाळणीतून मैत्रीही आजार म्हणून खाली पडते, तिच्यातून पडलेल्या प्रत्येक गोष्टीला आजार म्हणायचे का?

या गोंधळाचे मूळ जुने आहे. १९९६ साली किंबर्ली यंग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञेने इंटरनेटच्या व्यसनाची संकल्पना मांडली, तेव्हा निकष घेतले ते जुगाराच्या विकाराचे. आठ प्रश्न, पाचांना 'हो' म्हटले की व्यसन. जुगारात माणूस घर गहाण टाकतो, कर्ज लपवतो, गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा डाव मांडतो. त्या वर्तनासाठी घडवलेली चौकट माहिती शोधणाऱ्या, बोलणाऱ्या, वाचणाऱ्या माणसावर बसवली गेली, आणि पुढच्या पिढीतल्या प्रश्नावल्यांनी तोच साचा कमीअधिक फरकाने गिरवला. त्याआधीही, १९४१ मध्ये, मेरी प्रेस्टन यांनी अमेरिकेतल्या बालरोगशास्त्राच्या नियतकालिकात लिहिले होते की त्यांनी पाहिलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना रेडिओवरच्या गुन्हेकथा आणि चित्रपट यांचे गंभीर व्यसन आहे. तेव्हाची काळजीही खोटी नव्हती. पण व्यसन हा शब्द तेव्हाही पुराव्याच्या पुढे धावला होता.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे. अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांचे 'द अँक्शस जनरेशन' हे पुस्तक मार्च २०२४ मध्ये आले आणि जगभर गाजले. २०१२ च्या सुमारास अमेरिकी किशोरवयीनांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, नैराश्य आणि चिंता झपाट्याने वाढू लागली, आणि नेमक्या त्याच वर्षांत स्मार्टफोन व समाजमाध्यमे त्यांच्या हाती आली, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. वाढ खरी आहे. ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण दोन रेघा एकाच वेळी वर गेल्या एवढ्याने एकीने दुसरीला ओढले असे होत नाही. 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात याच पुस्तकाचे परीक्षण करताना कँडिस ऑजर्स यांनी हाच मुद्दा मांडला. किशोरवयीनांच्या मानसिक आरोग्यावर स्वतः संशोधन करणाऱ्या ऑजर्स यांचे म्हणणे असे की या कार्यकारणाला आधार देणारा पुरावा त्यांच्या क्षेत्राने शोधला आहे, आणि तो सापडलेला नाही.

ऑक्सफर्डमधल्या अ‍ॅमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी २०१९ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या तीन मोठ्या पाहण्यांमधली ३,५५,३५८ किशोरवयीनांची माहिती तपासली. संशोधकाने आकडेमोडीची कोणती वाट निवडली यावर निष्कर्ष बदलतो, म्हणून त्यांनी शक्य असलेल्या हजारो वाटा चालून पाहिल्या. मुलांच्या सुखस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक तंत्रज्ञानाच्या वापराशी जोडता येतो, असे दिसले. त्याच माहितीत नियमित बटाटे खाण्याचा संबंध जवळपास तेवढाच नकारात्मक होता. दादागिरी सहन करावी लागण्याचा संबंध मात्र एका पाहणीत चार पटींहून मोठा होता.

यावर हाइट, जीन ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले: सगळे तंत्रज्ञान आणि सगळी मुले एकत्र मोजू नका, फक्त मुली आणि फक्त समाजमाध्यमे पाहा, संबंध मोठा दिसेल. हे उत्तर गांभीर्याने घ्यावे असेच आहे. पण ते मान्य केले की पालकसभेतले वाक्यही सोडावे लागते. कारण मग प्रश्न 'मोबाईल'चा राहत नाही. कोणती मुलगी, कोणत्या मंचावर, काय पाहते आणि कधी पाहते, याचा होतो. शिवाय तेव्हाही काळाचा क्रम सुटत नाही. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या सारा कॉइन आणि सहकाऱ्यांनी ५०० मुलांचा आठ वर्षे, वयाच्या तेराव्यापासून विसाव्यापर्यंत, पाठपुरावा केला. एखाद्याचा समाजमाध्यमांवरचा वेळ वाढला म्हणून पुढे त्याची चिंता किंवा नैराश्य वाढले, असे त्यांना आढळले नाही. जास्त वेळ घालवणारी मुले आणि जास्त चिंता असलेली मुले यांचा गट काही अंशी एकच असेल. पण एकाच मुलाच्या आयुष्यात पहिली गोष्ट दुसरीला जन्म देते, हे त्यातून निघत नाही.

प्रयोग काय सांगतात? पेनसिल्व्हानिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग 'वापर कमी केल्याने फायदा होतो' याचा दाखला म्हणून वारंवार दिला जातो. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट प्रत्येकी रोज दहा मिनिटांवर आणले, दुसरा गट नेहमीसारखा वागला. तीन आठवड्यांनी पहिल्या गटात एकटेपणा आणि नैराश्य कमी झाले होते. हे महत्त्वाचे आहे आणि ते लपवू नये. चिंतेचे काय झाले, ते मात्र सहसा सांगितले जात नाही: ती दोन्ही गटांत कमी झाली. ज्यांनी काहीच सोडले नाही त्यांचीही. संशोधकांचा अंदाज असा की स्वतःच्या वापराकडे लक्ष देण्यानेच हा फायदा झाला असावा. मोबाईल आणि चिंता यांचे नाते सांगणाऱ्या भाषणात या प्रयोगाचा हा अर्धा भाग गाळणे म्हणजे साक्षीदाराला मधेच खाली बसवणे आहे.

नुकसान कुठे खरे आहे, तेही स्पष्ट म्हणायला हवे. रात्री अंथरुणात फोन असला की झोप जाते, आणि झोप गेली की चिंता वाढते. यासाठी व्यसनाचा सिद्धांत लागत नाही. इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींना स्वतःच्या शरीराबद्दल अधिक वाईट वाटते, हे कंपनीच्या स्वतःच्या पाहणीत आल्याचे फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ मध्ये उघड केलेल्या कागदपत्रांतून जगाला कळले. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान दिले, पण निकष कडक ठेवले: खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याच्या वर खेळ येणे, नुकसान दिसत असूनही चालू राहणे, आणि त्याने आयुष्य लक्षणीय विस्कटणे, साधारणपणे वर्षभर. स्मार्टफोनचे व्यसन किंवा समाजमाध्यमांचे व्यसन असा विकार त्या वर्गीकरणात नाही. भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या कायद्याच्या बऱ्यावाईटाबद्दल वाद होऊ शकतो. पण त्यात बोट नेमक्या गोष्टीवर ठेवलेले आहे: पैशावर, डावावर, कर्जावर. नेमके बोट ठेवणे शक्य असते, याचे ते उदाहरण.

मोबाईलच्या व्यसनाची चर्चा निघाली की सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाचा उल्लेख हमखास होतो. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवून मुले अभ्यासाला, मोठी माणसे वाचनाला किंवा गप्पांना बसतात. टाळेबंदीत शाळाच फोनमध्ये शिरली होती, त्यानंतर मुलांची अभ्यासाची सवय सुटली म्हणून गावाने हे ठरवले. ही सुंदर गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय गावाचे आहे. गावाने कोणत्याही विकारावर उपचार केल्याचा दावा केला नव्हता. तो दावा बाहेरून येऊन त्या भोंग्याला चिकटवला जातो. गावाने सामूहिक शिस्त लावली, घराघरांत एक निवांत वेळ निर्माण केला. त्या वेळाला 'मोबाईलमुक्ती' हे निदानाचे नाव दिले की गावाचे कर्तृत्वही झाकोळते आणि विज्ञानही.

हे सगळे सूक्ष्म मुद्दे आहेत, मुलांच्या हातून फोन सुटला तर बिघडले कुठे, असे विचारणारे चांगल्या मनाचे लोक आहेत. बिघडते ते असे. वर्गात उठून बोलायच्या कल्पनेनेच घाम फुटणारी मुलगी मधल्या सुट्टीत फोनमध्ये डोके घालून बसते, कारण तिथे तिच्याकडे कोणी पाहत नाही. आईबाबांच्या भांडणाच्या रात्री मुलगा कानात इअरफोन घालून पहाटेपर्यंत रील पाहतो. डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर या संशोधकाने २०१४ मध्ये या वापराला भरपाईचा वापर म्हटले: आयुष्यात आधीच असलेल्या त्रासातून सुटण्यासाठी केलेला. व्यसनाची चिठ्ठी चिकटवली की फोन काढून घेतला जातो, आणि मुलीची सामाजिक भीती, मुलाच्या घरातले भांडण तसेच राहते. काढून घेतला तो तिचा आडोसा, आणि आडोसा गेल्यावर ती जास्त घाबरली की म्हणायचे, पाहा, व्यसन सुटताना होणारा त्रास हाच.

आपल्या देशात या चुकीला फार जागा नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला, आणि नैराश्य-चिंतेसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांनी त्रस्त असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक लोकांना उपचारच मिळत नव्हते. लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात मुलाला समुपदेशकासमोर बसायला मिळालेली पहिली, कदाचित एकमेव, वीस मिनिटे 'रोज किती तास मोबाईल बघतोस' यावर खर्च होत असतील तर तो अपव्यय आहे. त्याच निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या वापराबद्दलचे खास क्लिनिक चालते. त्याचे नाव व्यसनमुक्ती केंद्र नाही; तंत्रज्ञानाच्या निरोगी वापरासाठीची सेवा असे आहे. निदान नावापुरता तरी हा विवेक खाली झिरपायला हवा होता.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. 'असर' या शिक्षणविषयक सर्वेक्षणाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. व्यसनाची भीती घरात शिरली की पहिला फोन कोणाच्या हातून जातो, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

मग महाविद्यालयांनी पाहण्या बंद कराव्यात का? उलट, नीट कराव्यात. आज बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' नावाचे पान असते. रोज किती वेळ, कोणत्या अ‍ॅपवर, किती वेळा स्क्रीन उघडली, हे तिथे फोनच लिहून ठेवतो. पदव्युत्तर प्रबंधासाठी दोनशे विद्यार्थ्यांकडून ती नोंद संमतीने घेणे अवघड नाही. प्रश्नावली वापरायचीच असेल तर चिंतेशी मिळतीजुळती विधाने बाजूला काढून संबंध पुन्हा तपासावा आणि दोन्ही आकडे छापावेत. कोरियन रेषा मराठी मुलांना लावण्याआधी मराठीत ती विधाने मुले कशी समजतात, ते पाहावे. एकदाच विचारून थांबू नये, सहा महिन्यांनी पुन्हा विचारावे, म्हणजे आधी काय आले हे कळेल. आणि दादागिरी, परीक्षेचा ताण, घरातले कर्ज, झोपेचे तास यांचे प्रश्न त्याच कागदावर असावेत, म्हणजे फोन त्यांच्या रांगेत कितव्या जागी उभा राहतो ते दिसेल.

समुपदेशकासमोर आलेल्या मुलासाठी मात्र इतकी वाट पाहायची गरज नाही. छातीत धडधड कधीपासून होते, फोन हाती येण्याआधीही होत होती का, रात्री किती वाजता झोप लागते, कोणत्या प्रसंगाच्या विचाराने पोटात गोळा येतो, आणि फोनमध्ये नेमके काय पाहिल्यावर बरे वाटते, काय पाहिल्यावर वाईट, एवढे विचारायला पाच मिनिटे लागतात. जवळपास कोणी तज्ज्ञ नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही ऐकून घेते. तो क्रमांक लावायला त्या मुलाच्या हातात फोन असावा लागतो.